सुझोऊहून नाशिकला परतलेल्या मुलीचं चिनी टिकवायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. नवऱ्याच्या नोकरीमुळे कुटुंब चार वर्षं चीनमध्ये सुझोऊला होतं. मोठी मुलगी साडेसहा वर्षांची. ती तिथल्या बालवाडीत तीन वर्षं गेली आणि फडाफडा चिनी बोलायची. नाशिकला येऊन सात महिने झाले. आता इंग्रजी शाळा सुरू आहे आणि चिनीत काही विचारलं तर ती मराठीत उत्तर देते. धाकटा अडीच वर्षांचा आहे. आईला बाजारहाटापुरतं चिनी येतं, वडिलांना कामापुरतं. सासूबाईंना वाटतं की तीन भाषांनी पोरांचा गोंधळ होईल. चिनी टिकवायचं की सोडून द्यायचं, आणि टिकवायचं तर कसं?

टिकवता येईल, पण नुसता क्लास लावून नाही. या वयाचं मूल भाषा वापरतं ती गरजेपुरती. सुझोऊला खेळात घेतलं जावं म्हणून तिला चिनी लागत होतं. नाशिकला गंगापूर रोडच्या सोसायटीत त्याचं काही कामच उरलेलं नाही, म्हणून तिने ते बाजूला ठेवलं. त्यामुळे पहिलं काम म्हणजे घरातली दोन-तीन रोजची कामं कायमची चिनीच्या नावावर करून टाकणं. क्लास, पुस्तकं, सण हे सगळं त्या कामांच्या आधाराने उभं राहतं. ती कामं नसली तर महागडा क्लाससुद्धा पाच-सहा महिन्यांत कंटाळवाणा होतो.

ती मराठीत उत्तर देते याचा अर्थ चिनी गेलं असा घेऊ नका. भाषा जाते तेव्हा आधी बोलणं जातं, समजणं बरंच नंतर. बोलण्यातही आधी नामं अडतात, मग लांब वाक्यं तुटतात. उच्चार आणि सूर (म्हणजे चिनीत शब्दाचा अर्थ बदलणारा आवाजाचा चढउतार) सगळ्यांत चिवट. चीनमधून बाळपणीच दत्तक गेलेल्या आणि पुढे फक्त फ्रेंचमध्ये वाढलेल्या मुलींचा मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मुलींना चिनीचा एक शब्द येत नव्हता, तरी चिनी सूर ऐकताना त्यांचा मेंदू चिनी येणाऱ्या मुलांसारखाच प्रतिसाद देत होता. तुमच्या मुलीकडे तर तीन वर्षांचं चालतंबोलतं चिनी आहे. मात्र पहिलं वर्ष फार महत्त्वाचं. त्यातले सात महिने गेले आहेत, म्हणून सुरुवात या आठवड्यातच करा.

आता तासांचा हिशेब मांडू, कारण अपेक्षा इथेच चुकतात. मूल दिवसाला साधारण १३ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ९१ तास. या कामातली माणसं एक ढोबळ नियम धरतात: जागेपणीचा निदान पाचवा हिस्सा ज्या भाषेत जातो, ती भाषा मूल आपणहून बोलतं. पाचवा हिस्सा म्हणजे १८ तास. नाशिकमध्ये, तेही आईवडील चिनीत वाकबगार नसताना, १८ तास जमणार नाहीत, आणि ओढूनताणून जमवूही नका. तुमच्या घराला जमण्यासारखा आकडा सहा तासांचा आहे. आठवड्यातून तीन वेळा २५ मिनिटं शिक्षिकेबरोबर, रोज अर्धा तास घरातली चिनी कामं आणि रविवारी दीड तास एखादा हाताने करायचा उद्योग. एवढ्यात तिची समज शाबूत राहील, रोजच्या विषयांवर ती बोलू शकेल आणि लिपीची पायाभरणी होईल. सुझोऊतल्या सात वर्षांच्या मुलीसारखी ती बोलणार नाही. हे आधीच मान्य केलंत तर घरात चिडचिड होणार नाही.

हे सहा तास कुठून काढायचे? आजीच्या मराठीतून अजिबात नाही. मुलीची इंग्रजी भाषा शाळा सांभाळते आहे. मराठी राज्यातल्या सगळ्या शाळांत २०२० च्या कायद्याने सक्तीची आहे, पण एका तासिकेने मराठी येत नाही. ती आजीच्या गोष्टींतून, स्वयंपाकघरातल्या गप्पांतून आणि वाचून दाखवलेल्या पुस्तकांतून येते. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं नसेल तर घ्या आणि रात्रीचं मराठी वाचन चालू ठेवा. चिनीसाठी वेळ कापायचाच तर इंग्रजी कार्टूनमधला कापा. इंग्रजी घरात आपोआप शिरणारच आहे, तिच्यासाठी वेगळी खटपट करायची गरज नाही.

सासूबाईंची शंका रास्त आहे, ती झटकून टाकू नका. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा गोंधळ नसतो. मोठी माणसंही तेच करतात, आणि आपल्या मराठीत इंग्रजी किती येतं ते त्यांनाही ठाऊक आहे. भाषा वाढल्यामुळे बोलणं उशिरा येतं, हे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. पण धाकट्याच्या बाबतीत एक गोष्ट नीट मोजा. मराठी, चिनी, इंग्रजी असे सगळ्या भाषांतले मिळून त्याचे शब्द किती होतात? दोन वर्षं पूर्ण होताना सगळे मिळून ५० शब्दही नसतील, किंवा 'बाबा ये', 'दूध दे' असे दोन शब्द तो जोडत नसेल, तर भाषांना दोष देत बसू नका. आधी कानाची तपासणी करून घ्या, मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा. 'एक भाषा बंद करा' हा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या.

'एका माणसाची एक भाषा' हा प्रसिद्ध नियम तुमच्या घराला लागू पडत नाही. वडिलांना कामापुरतं चिनी येतं. त्यांनी लेकीशी फक्त चिनीतच बोलायचं ठरवलं तर बापलेकीचं बोलणंच आक्रसेल. 'हे कर, ते आण' एवढंच उरेल. म्हणून भाषा माणसाला न बांधता वेळेला आणि जागेला बांधा. संध्याकाळची अंघोळ आणि जेवणाची ताटं मांडणं ही दोन कामं मी पहिल्यांदा निवडेन. दोन्हींत रोज तीच वाक्यं लागतात, हातात वस्तू असतात आणि वीस-पंचवीस वाक्यांत काम भागतं. ती वाक्यं शिक्षिकेकडून ध्वनिमुद्रित करून घ्या आणि आठवडाभर स्वतः ऐका, मगच वापरा. आजी त्या वेळी शेजारी असतील तर त्यांना परकं वाटता कामा नये. ताटं मांडताना मुलीनेच आजीला 'आता हे म्हणायचं' असं शिकवलं, तर आजीही सामील होतात आणि मुलीला चिनी बोलायला खरं कारण मिळतं.

मुलगी मराठीत उत्तर देईल तेव्हा काय करायचं? 'चिनीत बोल' असं म्हणू नका. त्या हुकमाने भाषा म्हणजे शिक्षा होते. समजलंच नाही असं सोंगही घेऊ नका. तुम्हाला मराठी येतं हे तिला माहीत आहे. तिचं म्हणणं चिनीत उचलायचं आणि त्यातून दोन पर्यायांचा प्रश्न करायचा. ती म्हणाली, 'मला दूध हवं', तर तुम्ही म्हणायचं, 'न्योउनाय? याओ रअ त, हायष ल्यांग त?', म्हणजे दूध का, गरम हवं की गार? दोन्ही उत्तरं प्रश्नातच असल्याने तिला शब्द शोधावा लागत नाही, नुसता उचलायचा असतो. 'रअ त' एवढं म्हणाली तरी पुष्कळ झालं. पुढे जा. पहिले तीन-चार आठवडे एकेक शब्दच येईल, मग वाक्यं जुळायला लागतील.

आणि कृपा करून पाहुण्यांसमोर 'चिनी बोलून दाखव गं' म्हणू नका. दिवाळीला, लग्नकार्यात हे हमखास होतं, कौतुकानेच होतं, पण त्याचा परिणाम उलटा होतो. समोरच्याला एक अक्षर कळत नाही, लोक हसतात, आणि आपल्याला येणारी भाषा म्हणजे काहीतरी विचित्र प्रकार आहे हे मुलाच्या मनात घट्ट बसतं. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा.

शिक्षिका निवडताना माझा भर दोन गोष्टींवर असतो. पहिली, तासात मूल किती बोलतं. चाचणी-तास घ्या आणि कान देऊन ऐका. २५ मिनिटांत मुलगी निम्मा वेळ तरी बोलत किंवा हातांनी काही करत नसेल तर ती शिक्षिका या वयासाठी योग्य नाही. दुसरी, तासात इंग्रजी आणायचं नाही. मोठ्यांना शिकवणारे अनेकजण प्रत्येक शब्दाचा इंग्रजी अर्थ सांगतात. तुमच्या मुलीने हे शब्द इंग्रजीतून शिकलेलेच नाहीत, त्यामुळे तिला तो उलटा प्रवास होतो. आठवड्यातून एकदा दीड तासापेक्षा तीन वेळा २५ मिनिटं केव्हाही बरी, कारण विसरायच्या आत आठवावं लागणं हेच खरं शिकणं. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. नाशिकला साडेचार वाजतात तेव्हा तिथे सात. शाळेतून येऊन खाणंपिणं झाल्यावरची ही वेळ चांगली जमते. शिक्षिका तैवानची असेल तर उच्चारातला फरक चालून जाईल, पण तिथे जुनी पारंपरिक अक्षरं वापरतात. तुमची मुलगी चीनमधली सोपी केलेली अक्षरं शिकली आहे. हे आधीच स्पष्ट करून घ्या.

शिक्षिकेइतकीच मोलाची आहे बालवाडीतली एखादी जुनी मैत्रीण. इथे तांत्रिक अडचण येते. आपलं व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आहे आणि तिथलं वीचॅट जून २०२० पासून आपल्याकडे बंद. तिच्या आईशी ईमेलने वेळ ठरवा आणि दोन्हीकडे चालणाऱ्या टीम्ससारख्या व्हिडिओ कॉलच्या सोयीवर आधी मोठ्यांनी चाचणी करून पाहा. मुलींना नुसतं समोरासमोर बसवलं तर दोन मिनिटांत गप्पा संपतात. दोघींच्या हातात काहीतरी द्या. एकच चित्र दोघींनी रंगवायचं आणि एकीने दुसरीला रंग सांगायचे, किंवा आपापल्या घरातली लाल वस्तू शोधून आणायची. वीस मिनिटं मजेत जातात.

व्हिडिओंवर विसंबू नका. सिएटलच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं १२ बैठकांत खेळली. ती बाळं चिनी ध्वनींतले फरक ओळखायला लागली. तेच व्हिडिओवर पाहिलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. साडेसहा वर्षांची मुलगी बाळ नाही, तिला आधीच येणारी भाषा व्हिडिओतून ताजी राहू शकते. धाकट्याच्या बाबतीत मात्र व्हिडिओ म्हणजे शिकवणं हा भ्रम सोडा.

उच्चारांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मराठी आईवडिलांच्या हातात एक मोठी गोष्ट आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. रोमन लिपीतलं चिनी, म्हणजे पिनयिन, इंग्रजीसारखं वाचायला गेलं की घोटाळा होतो. पिनयिनमधल्या बी, डी, जी या अक्षरांचा उच्चार प, त, क च्या जवळ जातो, आणि पी, टी, के यांचा फ, थ, ख च्या. आपल्याला महाप्राण, म्हणजे ख, थ, फ मधला हवेचा झोत, जन्मजात येतो.  'तू-च़' म्हणजे पोट आणि 'थू-च़' म्हणजे ससा. 'पाओ ल' म्हणजे पोट भरलं, 'फाओ ल' म्हणजे पळाला. टी दिसला म्हणून 'टू' वाचलंत तर चिनी कानाला पोटच ऐकू येणार. एक सावधगिरी हवी. आपण हल्ली 'फ' दात ओठाला लावून म्हणतो. इथे दोन्ही ओठ मिटून, हवा सोडून म्हणायचा. दाताचा 'फ' चिनीत वेगळा ध्वनी आहे.

तसंच च चं. मराठीत दोन च आहेत, 'चाक'मधला आणि 'चिमणी'मधला. पिनयिनचा झेड म्हणजे चाकातला च (आधी खाली टिंब देऊन च़ असा लिहिला तो हाच), जे म्हणजे चिमणीतला. क्यू म्हणजे छत्रीतला छ. सी म्हणजे चाकातला च, पण हवेचा झोत देऊन. हा मराठीत नाही, तोंडासमोर कागदाचा कपटा धरून सराव करा, कपटा हलला पाहिजे. एक्स म्हणजे शेंगेतला श. झेड-एच, सी-एच, एस-एच या जोड्यांना जीभ 'ट'च्या जागी मागे वळवायची. दोन टिंबांचा यू आपल्याकडे नाहीच. तोंडात 'ई' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ 'ऊ'सारखे गोल करा. हे सगळं तुमच्यासाठी आहे. मुलीला ते येतं. तिचे उच्चार तुमच्यासारखे होऊ नयेत म्हणून तुम्ही घासायचं.

सुरांचं दुखणं वेगळं आहे. चार सूर: पहिला उंच आणि सपाट, दुसरा वर चढणारा, तिसरा खालचा, चौथा वरून खाली आपटणारा. पुस्तकात तिसरा सूर 'खाली जाऊन वर येणारा' असा काढतात. रोजच्या बोलण्यात तो बहुतेक वेळा नुसता खाली राहतो. मराठी माणूस प्रश्न विचारताना वाक्याचा शेवट उचलतो, आणि त्या नादात शेवटच्या शब्दाचा सूरच बदलून टाकतो. प्रश्नासाठी चिनीत शेवटी 'मा' लागतो किंवा प्रश्नशब्द येतो, आवाज उचलायची गरज नसते. दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला दुसऱ्यासारखा होतो, 'नी हाओ'मध्ये हेच घडतं. 'नाही' या अर्थाचा 'पु' चौथ्या सुराचा, पण त्याच्यापुढे दुसरा चौथा सूर आला की तो वर चढतो. घरात वाक्यं देवनागरीत टाचून ठेवायची असतील तर प्रत्येक अक्षरावर सुराचा आकडा घाला, थू४ असा. आकड्याशिवाय लिहिलेली वाक्यं महिन्याभरात चुकीच्या सुरात पक्की होतात.

लिपीत घाई नको. तिच्यासमोर आधीच देवनागरी आणि रोमन आहेत. त्यात पिनयिन आलं की एकच 'सी' इंग्रजीत क, पिनयिनमध्ये वेगळाच, 'क्यू' आणि 'एक्स' तर साफ वेगळे. इंग्रजी वाचन पक्कं होईपर्यंत, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, पिनयिन लांब ठेवा आणि थेट चिनी अक्षरं द्या. चीनमध्येही २०१६ पासूनच्या पहिलीच्या पाठ्यपुस्तकात आधी काही सोपी अक्षरं येतात, पिनयिन त्यानंतर. तिथल्या अभ्यासक्रमात दुसरीच्या अखेरीपर्यंत १६०० अक्षरं ओळखणं आणि ८०० लिहिणं अपेक्षित असतं. ते ओझं इथे आणू नका. आठवड्याला पाच अक्षरं ओळखायची आणि त्यातली तीन लिहायची. वर्षात ४० आठवडे धरले तर २०० ओळखीची आणि १२० लिहिता येणारी. उजळणी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या. पत्त्यांएवढी कार्डं करून चपलेच्या खोक्यात चार कप्पे पाडले की कुठलं कार्ड कधी काढायचं ते डोक्यात ठेवावं लागत नाही.

लिहिताना आपल्या मुलांची एक ठरलेली चूक होते. देवनागरीत शिरोरेघ शेवटी ओढायची सवय असते, म्हणून चिनी अक्षरातली आडवी रेघही मुलं शेवटी ओढतात. चिनीत आडवी आधी, उभी नंतर. 'दहा'चं अक्षर अधिकच्या चिन्हासारखं दिसतं, त्यात आडवी पहिली. बाकीचे नियम: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, डावी तिरपी आधी, उजवी नंतर, आणि चौकटीचं अक्षर असेल तर आतलं भरून झाल्यावर खालची रेघ मारून बंद करायचं. क्रम चुकला तर पाच रेघांच्या अक्षराला फार फरक पडत नाही, पण बारा-पंधरा रेघांचं अक्षर तोलात बसत नाही आणि लक्षातही राहत नाही. खास वही मिळाली नाही तरी अडत नाही. मोठ्या चौकडीच्या गणिताच्या वहीत दोन बाय दोन चौकोन मिळून एक घर धरा. मधली फुली अक्षराचा तोल दाखवते. एका अक्षराला एका बैठकीत पाच-सहा घरं बस. पानभर गिरवायला लावलंत की चौथ्या ओळीनंतर हात चालतो आणि डोकं थांबतं.

रविवारच्या उद्योगाचं एक उदाहरण पूर्ण देतो, बाकीचे त्याच साच्यात बसवा. उद्योग: च्याओ-च़, म्हणजे सारण भरलेल्या चिनी करंज्या. २५० ग्रॅम मैद्याला १२५ मिली पाणी, चिमूटभर मीठ, घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. सारणाला २०० ग्रॅम कोबी अगदी बारीक चिरून अर्धा चमचा मीठ लावून १५ मिनिटं ठेवायचा, मग हातात घेऊन कचकचून पिळायचा. हे पिळणं राहिलं की पारी ओली होते आणि उकळत्या पाण्यात फुटते. त्यात किसलेलं गाजर, १०० ग्रॅम कुस्करलेलं पनीर, आलं आणि थोडं तिळाचं तेल. २५ ते ३० पाऱ्या होतात. पारी आठ सेंटीमीटरची, कडेला पातळ आणि मध्ये जाड. मोदकाला पाकळ्या करायला येतात त्यांना इथे काही शिकवावं लागत नाही. उकळत्या पाण्यात सोडा, पुन्हा उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी घाला, असं दोनदा. वर तरंगून पारी जराशी पारदर्शक दिसली की काढा. मोदकपात्रात कोबीच्या पानावर ठेवून दहा-बारा मिनिटं उकडल्या तरी चालतात.

भाषेचं काम इथे कसं होतं ते पाहा. शब्द बारापेक्षा जास्त नकोत: पीठ, पाणी, मीठ, कोबी, पारी, लाट, भर, चिमटून बंद कर, अजून एक, फुटली, झालं, गरम आहे. दोन-तीन वाक्यं तयार ठेवा. 'पा फी केइ वो', पारी मला दे. हाच उद्योग लागोपाठ तीन रविवार करायचा. पहिल्या रविवारी तुम्ही बोलता, ती करते. दुसऱ्या रविवारी तुम्ही अर्धं वाक्य म्हणून थांबता. तिसऱ्या रविवारी सूचना ती देते आणि बाबा लाटतात, आणि खेळाचा नियम म्हणून ती मराठीत बोलली तर बाबांचा हात थांबतो. बहुतेक घरांत दर रविवारी नवीन उद्योग काढतात, त्यात वस्तू बदलतात, शब्द बदलतात आणि एकही शब्द रुजत नाही. पुनरावृत्तीचा कंटाळा मोठ्यांना येतो, मुलांना नाही.

तांदळाच्या गोड गोळ्यांचा, थांग-य्वेनचा, प्रयत्न करणार असाल तर मोदकाची पिठी चालणार नाही. चिकट तांदळाचं पीठच लागतं, नाहीतर गोळे उकळताना विरघळतात.

उद्योग नाशिकचेच शोधा. द्राक्षांच्या हंगामात घड तोलणं, घडांतली द्राक्षं मोजणं, आंबट-गोड ठरवणं यात संख्या, चवी आणि रंग येतात. चिनीत वस्तू मोजताना आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये एक मापशब्द लागतो. द्राक्षांच्या घडाला 'छ्वान', पुस्तकाला 'पन', माणसाला 'क'. विसरणाऱ्या मुलांमध्ये हे मापशब्द लवकर जातात, मग सगळ्याला 'क' लावायला सुरुवात होते. तसं दिसलं की समजा, भाषेला वापर कमी पडतो आहे. भाजी निवडताना 'हे किती, ते किती' हा खेळ रोज पाच मिनिटं खेळा.

सण जोडायला पंचांग उपयोगी पडतं, कारण चिनी कालगणनाही चांद्र महिन्यांची आणि अधिक महिना धरणारी आहे. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो आणि पंधरावा दिवस पौर्णिमेच्या आसपास येतो. वसंतोत्सव, म्हणजे चिनी नवं वर्ष, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला होतं, २०२७ मध्ये ६ फेब्रुवारीला आहे. मध्यशरद सण त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला. २०२५ मध्ये तो आणि कोजागरी एकाच रात्री, ६ ऑक्टोबरला आले, कारण त्या वर्षी चीनमध्ये अधिक महिना पडला होता. २०२६ मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आल्याने एक महिन्याचं अंतर आहे: त्यांचा सण २५ सप्टेंबरला, कोजागरी ऑक्टोबरच्या अखेरीस. दोन्हीकडे चंद्रावर ससा दिसतो. गच्चीवर मसाला दूध पिताना तिने आजीला चिनी सशाची गोष्ट मराठीत सांगावी, आणि पुढच्या तासाला शिक्षिकेला आपल्या कोजागरीची गोष्ट चिनीत. एकाच अनुभवाचं दोन्ही भाषांत सांगणं ही सगळ्यांत कसदार कसरत आहे.

सण म्हणजे नुसते लाल कंदील आणि वेशभूषा होऊ देऊ नका. तुमच्या मुलीला चीन माणसांतून माहीत आहे, ती ओळख वाढवा. पांडवलेण्यांवर जा, बौद्ध लेणी दाखवा, आणि सातव्या शतकात युआन श्वांग नावाचा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला होता हे सांगा. त्याने वर्णन केलेली चालुक्य राजा पुलकेशीची राजधानी नाशिकच असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. माकडराजाच्या चिनी गोष्टींतला गुरू याच भिक्षूवर बेतलेला आहे. बालवाडीत तिने त्या ऐकल्या असणार, हा धागा ती लगेच पकडेल. दुसरे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, तिथली भाषा शिकला, तिथेच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारला. सोलापूरला त्यांचं स्मारक आहे. मुंबईत माझगावला १९१९ चं चिनी देऊळ आहे, नव्या वर्षाला तिथे जाता येईल. फक्त हे लक्षात घ्या की मुंबई-कोलकात्याच्या जुन्या चिनी कुटुंबांची घरची भाषा बहुधा कँटोनीज किंवा हाक्का, म्हणजे तुमच्या मुलीच्या चिनीहून वेगळी बोली असते. मुलीला तिथलं बोलणं कळलं नाही तर तिचं चिनी बिघडलं असा अर्थ काढू नका.

शाळेत तिला चिडवतील, ही तयारी ठेवा. 'चिंगचांग' म्हणणं, डोळे बारीक करून दाखवणं, 'चिनी आपले शत्रू' हे सहजपणे होतं. वर्गशिक्षिकांना आधीच भेटून सांगा की भाषा येणं ही हिची जमेची बाजू आहे, आणि कुणी चिडवलं तर तिथल्या तिथे थांबवा. घरी तिने सीमेबद्दल विचारलं तर टाळू नका. दोन देशांच्या सरकारांत भांडण आहे, सैनिक मेले आहेत, हे खरं आहे. तुझ्या बालवाडीच्या बाई आणि मैत्रिणी चांगल्या आहेत, हेही खरं आहे. साडेसहा वर्षांच्या मुलाला दोन्ही एकत्र समजतं. शाळेत ही भाषा मिळेल अशी आशा ठेवू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात उदाहरणादाखल दिलेल्या परदेशी भाषांत कोरियन, जपानी, थाई आहेत, चिनी नाही. म्हणजे भार घरावरच आहे.

धाकट्याला वेगळं काही शिकवू नका. ताईच्या अंघोळीच्या आणि ताटं मांडायच्या वेळेत तो आपोआप आहेच. त्याच्याशी चिनी बोलायचं काम ताईला द्या. तिला तिथे मोठेपणा मिळतो आणि त्याला जिवंत माणूस मिळतं. तो फक्त समजायला लागला, बोलला नाही, तरी पुढे शिकताना त्याचा कान तयार असेल.

प्रगती मोजायला दर तीन महिन्यांनी तेच चित्र दाखवून पाच मिनिटं तिला चिनीत बोलू द्या आणि ध्वनिमुद्रण ठेवा. तीन गोष्टी ऐका: एका वाक्यात सरासरी किती शब्द येतात, किती वेळा मराठी शब्द घ्यावा लागतो, आणि मापशब्द टिकून आहेत का. मराठी शब्द वाढले तर काळजी नको. वाक्यं आखूड झाली तर घरची चिनी कामं सुटत चालली आहेत, आधी ती पूर्ववत करा, शिक्षिकेचे तास नंतर वाढवा. परीक्षेची हौस असेल तर लहान मुलांसाठी वायसीटी आहे. तिच्या चार पातळ्यांना अनुक्रमे ८०, १५०, ३०० आणि ६०० शब्द लागतात. तुमच्या मुलीला ऐकण्यात दुसरी पातळी आजही सोपी जावी, वाचनात मात्र ती अडेल. म्हणून वर्षभर अक्षरांचं काम करून मगच बसवा, आणि पहिल्यांदा पास होईल अशाच पातळीला बसवा.